नवा टीव्ही घ्यायचाय? आधी घर मोजा

कोल्हापुरात राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत टीव्हीच्या कुठल्याही मोठ्या दुकानात जा, भिंतभर पडद्यांवर एकाच वेळी तोच मोर नाचत असतो आणि तीच कारंजी उडत असतात. काउंटरवरचा मुलगा विचारतो, "बजेट किती, काका?" मग विचारतो, "किती इंची बघायचा?" आणि शेवटी, "कंपनी कुठली?" हे तिन्ही प्रश्न त्याच्या सोयीचे. तुमच्या सोयीचे प्रश्न वेगळेच आहेत : कुठं बसून बघणार, काय बघणार, खोलीत उजेड कसा पडतो आणि घरातलं कोण कोण बघणार. त्यांची उत्तरं दुकानात मिळत नाहीत. म्हणून पहिल्यांदाच टीव्ही घेणाऱ्यानं, किंवा जुना डबा रेटत रेटत आता सपाट पडद्याकडं वळणाऱ्यानं, दुकानाची पायरी अगदी शेवटी चढावी.

पहिलं काम : टेप

टीव्हीचा आकार म्हणजे पडद्याचं तिरकं माप, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. त्यामुळं ४३ इंची टीव्ही ४३ इंच रुंद नसतो. त्याचा पडदा साधारण ९५ सेंटिमीटर रुंद आणि ५४ सेंटिमीटर उंच भरतो. ५५ इंचीचा १२२ बाय ६८, ६५ इंचीचा १४४ बाय ८१. शोकेसच्या कप्प्यात बसवायचा असेल तर हे आकडे घेऊन कप्पा मोजा आणि चारी बाजूंनी हवा खेळायला चार बोटं जागा धरा. टेबलावर ठेवणार असाल तर पायांमधलं अंतर बघा. हल्लीच्या बऱ्याच टीव्हींना मधोमध स्टँड नसतो, दोन टोकांना दोन पाय असतात. ५५ इंचीचे पाय एकमेकांपासून मीटरभर लांब असू शकतात आणि तुमचं टेबल तीन फुटी असतं. हे टीव्ही घरी आल्यावर कळलं की आणखी एक टेबल घ्यावं लागतं.

आता अंतर मोजा. भिंतीपासून सोफ्यापर्यंतचं नको, भिंतीपासून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपर्यंतचं हवं. ते इंचात मांडा आणि पुढचा हिशोब करा, उत्तर येईल तो टीव्हीचा आकार. बहुतेक वेळ ओटीटीवर फोर-के, म्हणजे खूप बारीक ठिपक्यांचं चित्र, बघणार असाल तर दीडनं भागा. एचडी वाहिन्या आणि ओटीटी अशी सरमिसळ असेल तर दोननं भागा. साध्या केबलवर सगळं चालत असेल तर अडीचनं.

फुलेवाडी किंवा आर. के. नगरकडच्या एखाद्या फ्लॅटचा हॉल धरू. रुंदी दहा फूट, सोफा भिंतीला टेकलेला, डोळे पडद्यापासून आठ फुटांवर, म्हणजे ९६ इंचांवर. दीडनं भागलं तर ६४, दोननं ४८, अडीचनं ३८. म्हणजे त्याच हॉलमध्ये, त्याच सोफ्यावर, कुणाला ६५ इंची शोभेल तर कुणाला ४३ इंची पुरे होईल. आकार खोलीवर जेवढा ठरतो तेवढाच तुम्ही काय बघता यावरही ठरतो, आणि दुकानात हे कुणी विचारत नाही.

शिवाजी पेठेतल्या, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात सोपा, म्हणजे पुढची बसायची खोली, लांबट असतो. टीव्ही एका टोकाला आणि माणसं दुसऱ्या टोकाला, तेही निम्मी खाली बसलेली. बारा फुटांवरून बघायचं तर दोननं भागूनही हिशोब ७२ इंचांवर जातो. एवढा घेतलाच पाहिजे असं मुळीच नाही. हा आकडा वरची मर्यादा समजावी. त्याच्या जवळपास जाता आलं तर चांगलं, नाही गेलात तरी बातम्या आणि मालिका बघायला काही अडत नाही.

उंचीचं एक सांगून ठेवतो. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर यावा, म्हणजे जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर. घरोघरी टीव्ही फोटोच्या फ्रेमसारखा वर टांगलेला दिसतो. खाली जेवायला बसलेल्यांची मान मग तासभर वर. फिटिंगवाला उंचीचं विचारेल तेव्हा स्वतः सोफ्यावर बसून भिंतीवर पेन्सिलची खूण करा आणि त्याला ती दाखवा.

दुसरं काम : घरात खरंच काय चालतं ते लिहून काढा

इथं प्रत्येक जण स्वतःला थोडं फसवतो. दुकानात "पिक्चर, मॅच, नेटफ्लिक्स" असं सांगतो आणि घरी दिवसभर साध्या केबलवर मालिका आणि बातम्या चालू असतात. वावगं काही नाही त्यात, पण टीव्ही त्यालाच धरून घ्यायला हवा.

साध्या, म्हणजे एसडी वाहिनीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं. फोर-के पडद्यावर ३८४० बाय २१६० ठिपके असतात. गुणाकार केलात तर कळेल की एका ठिपक्याचे वीस ठिपके करायचं काम टीव्हीला करावं लागतं. ज्या टीव्हीत हे काम करणारी चिप चांगली, त्यात चित्र सुसह्य दिसतं. स्वस्तातल्या मोठ्या टीव्हीत मालिकेतल्या सासूबाईंचा चेहरा मेणाचा दिसतो. "नवा टीव्ही घेतला आणि जुन्यापेक्षा वाईट दिसतंय" ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. टीव्ही बिघडलेला नसतो. पडदा मोठा झाला, चित्र तेवढंच राहिलं.

उपाय सोपा आहे, पण तो टीव्हीच्या दुकानात मिळत नाही. केबलवाल्याकडून किंवा डिश कंपनीकडून एचडी बॉक्स घ्या, रोज लागणाऱ्या चार-पाच वाहिन्या एचडीत घ्या (त्यांचे पैसे वेगळे पडतात) आणि बॉक्स एचडीएमआय केबलनंच जोडा. हे शेवटचं मुद्दाम सांगतोय. कित्येक घरांत एचडी बॉक्स असतो, एचडी पॅक असतो आणि जोडणी मात्र जुन्याच पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरनं केलेली असते. त्या वायरीतून एचडी चित्र येतच नाही. आज घरी जाऊन बॉक्सच्या मागं बघा.

ओटीटी बघणार असाल तर इंटरनेटचा वेग तपासा. नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएस मागतं, तेही फक्त प्रीमियम प्लॅनवर, आणि तासाला ७ जीबीपर्यंत डेटा खातं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे परवडायचं नाही. ब्रॉडबँड असेल तर राऊटर टीव्हीजवळ हवा. जुन्या घरांच्या दीड-दोन फुटी भिंतींतून वायफाय पलीकडं पोचता पोचता दमतं, तिथं सरळ लॅन केबल ओढलेली बरी.

बातम्या आणि फुटबॉल या कोल्हापूरच्या दोन सवयींचा टीव्हीच्या निवडीशी थेट संबंध आहे. बातम्यांच्या वाहिनीवर खालची पट्टी आणि कोपऱ्यातलं चिन्ह तासन् तास एका जागी असतं. ओलेड प्रकारच्या पडद्यावर (तो काय ते पुढं येईल) असं स्थिर चित्र वर्षानुवर्षं राहिलं तर त्याचा डाग कायमचा उमटू शकतो. घरात आजोबांची बातम्यांची वाहिनी सकाळी सुरू होऊन रात्रीच बंद होत असेल तर ओलेड घेऊ नका, पैसे असले तरी. फुटबॉलचं उलट. पेठेपेठेत मेस्सी आणि नेमारचे कटआउट उभे राहतात त्या गावात टीव्हीनं चेंडू नीट दाखवलाच पाहिजे. लांब पास हवेत असताना चेंडूमागं शेपटी दिसत असेल तर तो पडदा हालचालीला कच्चा.

तिसरं काम : संध्याकाळी पाच वाजता सोफ्यावर बसा

अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडण्याचा सोहळा, वर्षातून दोनदा, नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर होतो. पश्चिमेला खिडकी असलेल्या हॉलमध्ये तो रोज होतो आणि टीव्हीच्या मुखावर होतो. जिथं टीव्ही लावणार त्या भिंतीवर पाच-सहाच्या सुमाराला ऊन पडतं का, समोरची खिडकी किंवा ट्यूबलाइट पडद्यात दिसेल का, हे एकदा बसून बघा. खिडकीचा पडदा ओढून भागत असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर जास्त उजळ आणि कमी चकाकणारा पडदा शोधावा लागेल, किंवा भिंत बदलावी लागेल. भिंत बदलणं फुकट आहे.

त्याच वेळी भिंतही तपासा. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. पश्चिमेच्या भिंतीला जुलैत ओल येत असेल, रंगाचे पोपडे निघत असतील, तर टीव्ही त्या भिंतीला चिकटवू नका. मातीत बांधलेल्या जुन्या विटांच्या भिंतीत नेहमीचे प्लग धरत नाहीत, नव्या इमारतींतल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीला वेगळे फास्टनर लागतात. शंका असेल तिथं टेबल बरं.

पूररेषेजवळ तळमजल्यावर राहणाऱ्यांनी आणखी एक विचार करावा. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरचे ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे आकडे तोंडपाठ आहेत. पाणी चढायला लागल्यावर टीव्ही वरच्या मजल्यावर न्यायचा म्हटलं तर ४३ इंची एक माणूस काढतो, ६५ इंचीला दोन माणसं आणि रुंद जिना लागतो. अशा घरात उचलून काढता येईल असं साधं ब्रॅकेट लावा, सरकत्या हाताचं नको. खोकं आणि थर्माकोल माळ्यावर जपून ठेवा. टीव्ही नेताना नेहमी उभा धरायचा, गादीवर आडवा टाकायचा नाही. आडव्या पडद्याला मधे बाक येतो आणि तो आतून तडकतो.

चौथं काम : खोक्यावरची अक्षरं

आता शब्दांचं जंगल. यातलं निम्मं विसरून चालतं.

*एचडी रेडी, फुल एचडी, फोर-के, एट-के.* ही पडद्यावरच्या ठिपक्यांच्या चढत्या संख्येची नावं. ३२ इंचीत बहुतेक एचडी रेडीच मिळतात. झोपायच्या खोलीत किंवा स्वयंपाकघरात तेवढं पुरतं. ४३ इंची आणि त्यापुढं फोर-केच घ्या. एट-केवर पैसे घालवू नका. आपल्याकडं एट-के दाखवणारी वाहिनीच नाही.

*एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओलेड.* इथं मात्र थांबा, कारण किमतीतला खरा फरक इथं आहे. साधा एलईडी म्हणजे पुढं एलसीडी पडदा आणि त्याच्या मागं दिवे. क्यूएलईडी म्हणजे तोच प्रकार, फक्त मधे रंग शुद्ध करणारा एक थर जास्त. नाव ओलेडसारखं वाटतं म्हणून पुष्कळ जण फसतात, पण दोघांचं नातं नाही. मिनी एलईडीत मागचे दिवे बारीक आणि पुष्कळ असतात, त्यांचे गट वेगवेगळे विझवता येतात, त्यामुळं अंधाराच्या दृश्यात काळं खरोखर काळं दिसतं. ओलेडमध्ये मागं दिवाच नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. चित्र सगळ्यांत देखणं आणि किंमतही तशीच. भर उजेडाच्या हॉलमध्ये ओलेडपेक्षा मिनी एलईडी उजवा ठरतो. माझं मत विचाराल तर मध्यमवर्गीय घरात, जिथं दिवसा बातम्या आणि रात्री मॅच चालते, तिथं चांगल्या कंपनीचा मिनी एलईडी हा सध्याचा शहाणा सौदा आहे. तेवढं बजेट नसेल तर साधा एलईडी घ्या, पण नावाजलेल्या चिपचा घ्या. क्यूएलईडीच्या नुसत्या नावाला भुलून अनोळखी कंपनीचा ५५ इंची उचलू नका.

*व्हीए की आयपीएस.* एलसीडी पडद्याचे हे दोन प्रकार. खोक्यावर हे सहसा लिहीत नाहीत, पण विचारा. व्हीए पडद्यात काळं गडद, पण बाजूनं बघितलं की रंग फिके पडतात. आयपीएस बाजूनंही नीट दिसतो, पण अंधारात काळ्याचं करडं होतं. चार माणसं सोफ्यावर, दोन खाली, एक जण स्वयंपाकघराच्या दारातून अशी बघणारी गर्दी असेल तर आयपीएस. दोघंच समोर बसून रात्री दिवे मालवून पिक्चर बघत असाल तर व्हीए.

*हर्ट्झ.* "मोशन रेट २४०" वगैरे लिहिलेलं सोडून द्या. नेटिव्ह रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला खरोखर किती वेळा चित्र बदलतो, एवढंच विचारा. तो एकतर ६० असतो किंवा १२०, आणि काही मॉडेलांत १४४. खेळ बघणाऱ्यानं १२० घ्यावा. घरात प्लेस्टेशन असेल तर १२० हर्ट्झसोबत एचडीएमआय २.१ही हवं. मालिका बघणाऱ्याला ६० पुष्कळ.

*एचडीआर.* चित्रातला उजेड आणि अंधार यांतला फरक जास्त ठळक दाखवायची सोय. एचडीआर १०, एचडीआर १० प्लस, डॉल्बी व्हिजन असे प्रकार. स्वस्त टीव्हीवरही हे शिक्के असतात, पण पडद्यात उजेडच नसेल तर शिक्क्याला अर्थ नाही. उजेड निट्समध्ये मोजतात. तीनशेच्या आसपास असेल तर एचडीआर नावापुरतं, सहाशेच्या वर गेलं की फरक डोळ्यांना कळतो.

*स्मार्ट.* सोनी, टीसीएल वगैरेंत गुगल टीव्ही, सॅमसंगमध्ये टायझेन, एलजीत वेबओएस, काहींत फायर टीव्ही. यातलं कुठलंही चालेल. फक्त तुम्हाला लागणारी ॲप रिमोटनं उघडून, चालू करून बघा. काही स्वस्त टीव्हींत नुसतं "अँड्रॉइड" लिहिलेलं असतं आणि आत गुगलची अधिकृत प्रणाली नसते. तिथं नेटफ्लिक्स रडतं. रॅम २ जीबीपेक्षा कमी नको. पुढं तीन-चार वर्षांनी स्मार्टपणा मंदावला तर टीव्हीच्या मागं छोटी स्ट्रीमिंग स्टिक लावून काम भागतं, पडदा मात्र बदलता येत नाही. म्हणून पैसे पडद्यात घाला.

*सॉकेट.* एचडीएमआय किमान तीन : एक सेटटॉप बॉक्सला, एक साउंडबारला, एक मोकळं. त्यातलं एक एआरसी किंवा ईएआरसी असावं, साउंडबार त्यालाच लागतो. जुना डीव्हीडी प्लेअर वापरायचा असेल तर तीन रंगांच्या वायरीचं सॉकेट आहे का ते बघा, नव्या टीव्हींत ते बहुधा नसतं किंवा त्यासाठी वेगळा ॲडॉप्टर लागतो.

आवाजाबद्दल थोडक्यात. पातळ टीव्हीत स्पीकर खाली किंवा मागं तोंड करून असतात. २० वॅटचा आवाज छोट्या खोलीत चालतो. पंखा चालू, कुकरची शिट्टी, बाहेर मंडळाची मिरवणूक, अशात संवाद ऐकू येत नाहीत. वयस्क माणसं घरात असतील तर टीव्ही एक पायरी खालचा घेऊन उरलेल्या पैशात साउंडबार घ्या.

पाचवं काम : आता दुकानात

रविवारी संध्याकाळी जाऊ नका. आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी जा. गर्दी नसते, पोरगं बोलायला मोकळं असतं. खिशात एक पेनड्राइव्ह ठेवा. त्यात मोबाइलवर काढलेला घरातला एखादा व्हिडिओ, शक्यतो रात्रीचा, आणि एखादा सावळ्या उजेडातला प्रसंग टाका. मोर आणि कारंजी कुठल्याही पडद्यावर सुंदरच दिसतात. तुमच्या आईचा चेहरा दिव्याच्या उजेडात कसा दिसतो, ते बघा. तो कसा दिसायला हवा हे तुम्हाला माहीत आहे, कंपनीला नाही.

मग विनंती करा : "जरा व्हिव्हिड काढून स्टँडर्ड किंवा सिनेमा मोड लावा." दुकानातला टीव्ही भडक रंगांवर आणि पूर्ण उजेडावर ठेवलेला असतो. मोड बदलला की निम्मे पडदे एकदम सारखे दिसायला लागतात आणि जे खरोखर चांगले आहेत ते वेगळे उठून दिसतात. त्यानंतर केबलची एखादी साधी वाहिनी लावायला सांगा. नाक मुरडतील, पण लावतील. चालणारी पट्टी वाचा. अक्षरांच्या कडा थरथरतायत का, सरकताना पुसट होतायत का ते पाहा. दोन पावलं बाजूला सरका, मग खाली वाका, म्हणजे सतरंजीवर बसणाऱ्याला काय दिसेल ते कळेल. शेवटी टीव्ही बंद करा आणि काळ्या पडद्यात बघा. दुकानातले दिवे आणि तुमचा चेहरा आरशासारखा लख्ख दिसत असेल तर दिवसा घरीही तेच दिसणार.

रिमोट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. हल्लीच्या रिमोटांना आकड्यांची बटणंच नसतात, दहा-बारा बटणांत कारभार. आजीला वाहिनीचा नंबर दाबून लावायची सवय असेल तर सेटटॉप बॉक्सचा रिमोट वेगळा ठेवावा लागणार, हे आधीच घरी सांगा. नाहीतर पहिल्याच संध्याकाळी भांडण.

मॉडेलचा पूर्ण क्रमांक, शेवटच्या अक्षरांसकट, लिहून घ्या. एकाच नावाखाली वेगळ्या वर्षाचे, वेगळ्या पडद्याचे टीव्ही विकले जातात. ऑनलाइन भाव पाहून "तिथं पाच हजारानं कमी आहे" म्हणताना तो हाच क्रमांक आहे ना, हे आधी पडताळा. मागच्या वर्षीचं चांगलं मॉडेल उतरत्या भावात मिळत असेल तर बिनधास्त घ्या. टीव्हीच्या मागं किंवा खोक्यावर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, खूण आणि आर-नंबर असतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की नोंदणी खरी की खोटी कळतं. अनोळखी ब्रँड घेताना हे कराच.

पैसे आणि कागद

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्याआधीचा भाव दाखवून हा उतार कुणी "स्पेशल डिस्काउंट" म्हणून सांगत असेल तर हसून पुढं व्हा. पाडवा, दसरा, दिवाळीला सवलती खऱ्या असतात, पण त्याच गर्दीत फिटिंगला चार-चार दिवस लागतात. मुहूर्त साधायचा असेल तर बिल त्या दिवशी करा आणि निवड आठवडाभर आधी.

"नो कॉस्ट ईएमआय" म्हटलं की एकच प्रश्न : रोख दिले तर किती? रोखीचा भाव कमी निघाला तर तो फरक म्हणजेच व्याज. शिवाय प्रोसेसिंग फी असते, ती कुणी आपणहून सांगत नाही.

वॉरंटी साधारण वर्षाची असते. वाढीव वॉरंटी घेताना ती टीव्हीच्या कंपनीची की दुकानानं जोडून दिलेल्या तिसऱ्याच कुणाची, हे कागदावर बघा. पडद्याचा खर्च त्यात धरलाय का, तेही. पोराच्या चेंडूनं फुटलेला पडदा वॉरंटीत बसत नाही. ओलेड असेल तर डाग पडण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. आणि सर्व्हिसचा माणूस कोल्हापुरातलाच आहे की बाहेरगावाहून येणार, हे दुकानदाराला नव्हे तर कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर विचारा. बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर हवाच. तक्रार गळ्याशी आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

वीज किती खाईल ते स्टारच्या लेबलवरून आणि वॅटवरून कळतं. दीडशे वॅटचा ५५ इंची रोज पाच तास चालला तर महिन्याला साधारण २२ युनिट. एसीपुढं हे किरकोळ आहे, त्यावरून टीव्ही बदलू नका.

घरी आल्यावर

खोकं स्वतः फोडू नका, कंपनीचा माणूस येईपर्यंत उभं ठेवा. तो फोडत असताना मोबाइलवर चित्रण करा. खोक्यावरचा, टीव्हीमागचा आणि बिलावरचा सिरियल नंबर तिथंच जुळवा. भिंतीचं ब्रॅकेट खोक्यात आहे की त्याचे वेगळे पैसे, हे दुकानातच ठरलेलं असावं. देवघर आणि टीव्ही एकाच युनिटमध्ये असतील तर समईच्या वर टीव्ही येऊ देऊ नका.

स्टॅबिलायझर बहुधा लागत नाही. टीव्हीच्या मागच्या पट्टीवर "१००-२४० व्होल्ट" लिहिलेलं असेल तर तेवढा चढउतार तो स्वतः सोसतो. खरा धोका वीज कडाडण्याचा. एप्रिल-मेच्या वळवात ढग गडगडायला लागले की नुसतं रिमोटनं बंद करून उपयोग नाही. प्लग काढा आणि डिशची केबलही काढा, कारण झटका त्या वायरीतूनही येतो. चांगला सर्ज प्रोटेक्टर लावा. मात्र बोर्डाला अर्थिंगच नसेल तर तो शोभेपुरता. तेव्हा इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

पहिल्यांदा चालू करताना टीव्ही विचारतो : होम की स्टोअर. होम निवडा. पुढं अटींच्या लांबलचक यादीत तुम्ही काय बघता त्याची माहिती कंपनीला द्यायची संमती मागितलेली असते. ती ऐच्छिक असेल तिथं खूण करू नका. चित्रासाठी सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावा. सुरुवातीला पिवळट वाटेल, दोन-तीन दिवसांत डोळा सरावतो आणि मग जुना निळसर रंगच खोटा वाटायला लागतो. शार्पनेस बराच खाली आणा. पिक्चर मालिकेसारखा गुळगुळीत दिसत असेल तर मोशन स्मूदनिंग बंद करा. मॅचला हवं तर थोडं चालू ठेवा.

जुने कृष्णधवल चित्रपट बघणाऱ्यांसाठी एक खास सेटिंग. प्रभात कंपनी १९२९ साली याच गावात निघाली, तेव्हाचा पडदा चारास तीन या मापाचा होता. आताचा टीव्ही सोळास नऊ. चित्राचा आकार "फुल" वर राहिला तर नायिका दोन्ही बाजूंनी ओढल्यासारखी आडवी दिसते. तो "ओरिजिनल" किंवा "फोर इज टू थ्री" करा, डावी-उजवीकडं काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या.

पुसायला कोरडं मायक्रोफायबर कापड. काच पुसायचा निळा फवारा पडद्यावर मारू नका, वरचा लेप निघतो.

जुन्या टीव्हीला एक्स्चेंजमध्ये काय मिळतं ते विचारा, चालू असेल तर कधीकधी बरी रक्कम मिळते. मिळत नसेल तर भंगारवाल्यापेक्षा कंपनीकडं किंवा अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. जुन्या डब्याच्या काचेत शिसं असतं, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी अशा मालाच्या विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. जुना टीव्ही स्मार्ट असेल तर देण्याआधी सगळ्या खात्यांतून बाहेर पडा आणि सेटिंगमध्ये जाऊन फॅक्टरी रिसेट मारा. नाहीतर तुमच्या पैशानं भरलेलं ओटीटी दुसऱ्याच्या घरी चालू राहील.